टिन व्हिसल म्हणजे ‘टाइमपास’ नव्हे

संपादक महोदय,

परदेशातील मराठी मुले आपल्या संस्कृतीपासून तुटत चालली आहेत, अशी काळजी व्यक्त करणारी पत्रे आपल्या सदरात अधूनमधून वाचायला मिळतात. ती काळजी रास्तच आहे. पण ही मुले ज्या मातीत वाढत आहेत, तिथल्या संस्कृतीशी त्यांची ओळख कशी व्हावी, यावर आपण मराठी पालक फारसे बोलत नाही. म्हणून आयर्लंडमधून हे पत्र लिहीत आहे.

इथल्या बऱ्याच प्राथमिक शाळांत मुलांच्या हाती पहिले वाद्य येते ते टिन व्हिसल. धातूची बारीक नळी, सहा भोके, किंमत दहा-पंधरा युरो. सगळ्यात खालचा स्वर काढायचा तर सहाही भोके घट्ट झाकावी लागतात. लहान मुलाची अनामिका जराशी सरकली, की स्वर चिरकलाच. पारंपरिक पद्धतीने शिकवणारी शिक्षिका आधी चार स्वरांचा तुकडा वाजवते, मग अख्खा वर्ग तोच परत वाजवतो. जिग आणि रील हे इथल्या नाचाच्या धुनांचे दोन प्रकार. जिगची चाल सहा मात्रांची आणि रीलची चारची, हे मुलांचे पाय फळ्यावर लिहिण्याआधीच ओळखू लागतात. असे कानाने शिकणे आपल्या घराण्यांतल्या तालमीइतकेच अस्सल आहे. तरीही आपल्या मंडळींत सर्रास ऐकू येते, ‘शिट्टी वाजवून काय मिळणार? त्यापेक्षा पियानोच्या ग्रेड दे.’ मला याचे मनापासून वाईट वाटते.

ही परंपरा आयरिश लोकांनी सहजासहजी टिकवलेली नाही. १९३५च्या कायद्याने सार्वजनिक नाचांना परवाना सक्तीचा झाला आणि त्याच्या धाकाने घराघरांतले, चौकातले नाच मागे पडले. १९५१ मध्ये मलिंगर गावी काही वादकांनी एकत्र येऊन ‘कोल्टस’ ही संस्था उभी केली. ‘फ्ला क्योल’ हा तिचा संगीत महोत्सव त्याच वर्षी सुरू झाला. आज त्याच्या स्पर्धांत बारा वर्षांखालच्या मुलांचा वेगळा गट असतो. स्कॉटलंडच्या ‘बारा’ (Barra) नावाच्या बेटावरही तेच. आपल्या मुलांना तिथल्या गेलिक भाषेतली गाणी आणि वाद्ये येईनाशी झाली, हे पाहून तिथल्या गावकऱ्यांनी १९८१ मध्ये ती शिकवणारा मेळा, म्हणजे पहिली ‘फेश’, भरवली. आता तशा फेश स्कॉटलंडभर भरतात.

नाचाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. ‘रिव्हरडान्स’मुळे १९९४ पासून आयरिश नृत्य जगाला माहीत झाले, पण झगमगीत पोशाख, कुरळे टोप आणि महागड्या स्पर्धा हे त्याचे एक टोक आहे. शाळेने सुरुवात ‘केइली’च्या, म्हणजे नाचगाण्याच्या मेळाव्यातल्या, समूहनृत्यापासूनच करावी, असे माझे ठाम मत आहे. ‘वॉल्स ऑफ लिमरिक’ हा नाच पाहा. दोन जोड्या समोरासमोर उभ्या राहतात, हात धरून पुढे येतात, मागे जातात, जागा बदलतात, आणि शेवटी गिरकी घेऊन प्रत्येक जोडी पाठ फिरवते ती नव्या जोडीसमोर. फेरी संपेपर्यंत लाजरेबुजरे, नुकतेच शाळेत आलेले, इंग्रजी अडखळत बोलणारे मूलही किती तरी जणांबरोबर नाचलेले असते. त्याला वेगळे काढून ‘तू कुठला?’ असे कुणी विचारत नाही. परक्या देशातून आलेल्या मुलाला सामावून घेणारी याहून सोपी रीत मी अजून पाहिलेली नाही.

दरवर्षी १ ते १७ मार्च इथे आयरिश भाषेचा सप्ताह साजरा होतो (म्हणायला सप्ताह!). त्या दिवसांत अनेक शाळांत केइली होते. माझी इथल्या मराठी पालकांना कळकळीची विनंती आहे: त्या दिवशी मुलांना शिकवणीसाठी लवकर घरी नेऊ नका. पालकांना बोलावणे असेल तर स्वतःही रांगेत उभे राहा. शाळांनाही एक सांगणे आहे. व्हिसल विकत घेणे ज्यांना जड जाते, अशा मुलांसाठी वर्गात चार-पाच जास्तीच्या ठेवाव्यात, आणि त्या मागून घ्यायची वेळ मुलावर येऊ देऊ नये.

आपला,
एक मराठी पालक
लिमरिक, आयर्लंड