थ्री पॉइंटची टक्केवारी छापता, तसे फ्री थ्रोही छापा

संपादक महोदय, नमस्कार.

दरवर्षी जून जवळ आला की एनबीएच्या (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) ड्राफ्टच्या, म्हणजे टीम आळीपाळीने नवीन खेळाडू निवडतात त्याच्या, बातम्या तुमच्या क्रीडा पानावर यायला लागतात. पूर्वी कोपऱ्यात चार ओळी असायच्या, आता फोटोसकट मोठी बातमी असते, त्याबद्दल आधी मनापासून आभार, कारण क्रिकेटच्या धबडग्यात बास्केटबॉलला एवढी जागा देणारे कमीच आहेत. पण एक गोष्ट खटकते म्हणून लिहितेय. अमेरिकेतल्या कॉलेजचा कुणी पोरगा धडाधड थ्री पॉइंटर, म्हणजे लांबच्या रेघेमागून तीन पॉइंटचे शॉट, मारतोय असं दिसलं की लगेच तो 'पुढचा करी', म्हणजे पुढचा स्टीफन करी, एनबीएचा गाजलेला शूटर, होतो, आणि पुरावा काय, तर एकच आकडा, थ्री पॉइंटची टक्केवारी. मी कोथरूडला एका शाळेच्या कोर्टावर 19 वर्षं मुलांना शिकवतेय, सकाळी सहाला येणारी पोरं त्या बातमीचा फोटो काढून आणतात आणि विचारतात, ताई, 43 टक्के मारतो म्हणजे हा पहिल्या दहात जाणारच ना? त्यांना काय सांगायचं ते मी सांगते, पण छापून आलेल्या शब्दापुढे कोचचं कोण ऐकतं, म्हणून तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

मुळात 43 टक्के हे किती शॉटमधले ते बघायला पाहिजे. कॉलेजचा सीझन तीस-पस्तीस मॅचचा असतो, एखादा पोरगा मॅचला तीनच थ्री मारत असेल तर वर्षाचे झाले शंभरएक शॉट. शंभर शॉटमध्ये नशिबाचा हात केवढा असतो माहितीये? ज्याचा खरा हात 36 टक्क्यांचा आहे असा पोरगा एखाद्या वर्षी सहज 41 दाखवून जातो, आणि पुढच्या वर्षी 31 वर येतो. तो सुधारलाही नसतो आणि बिघडलाही नसतो. हे मला पुस्तकातून नाही कळलं. बऱ्याच वर्षांपूर्वी माझी एक मुलगी निवड चाचणीला गेली होती, तिथे प्रत्येकीला दहा शॉट दिले, फक्त दहा! तिचे सहा हुकले, झालं, नाव कट. माझ्या वहीत त्याच महिन्यात तिचे शंभरात 82 फ्री थ्रो (फाऊल झाल्यावर मिळणारे मोकळे शॉट) लिहिलेले होते, पण ती वही बघायला कुणाला वेळ नव्हता. तिने त्या वर्षी खेळ सोडला. मला आजही ते दहा शॉट आठवतात, त्यातले दोन तर रिंगवर फिरून बाहेर आले होते.

फ्री थ्रोचं म्हणाल तर मी पोरांना पहिल्यांदा तेच बघायला सांगते. 15 फूट, समोर कुणी नाही, घाई नाही, आणि हे अंतर सगळीकडे सारखंच. म्हणजे तिथे दिसतो तो निव्वळ हात. अमेरिकेत आकडेवारीवाल्या मंडळींनीही हेच तपासून सांगितलंय की एनबीएत गेल्यावर पोरगा लांबून कसा मारेल याचा अंदाज बांधायला कॉलेजचे फ्री थ्रो फार उपयोगी पडतात. लॉन्झो बॉल आठवतोय का? यूसीएलए या कॉलेजकडून एक वर्ष खेळला, थ्री पॉइंटची टक्केवारी 41 च्या वर, सगळे खूश, 2017 ला एनबीएच्या लेकर्स टीमने ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरवर घेतला. पण त्याच वर्षी कॉलेजात त्याचे फ्री थ्रो 67 टक्के होते आणि बॉल तो डाव्या कानाजवळून फेकायचा. एनबीएतल्या पहिल्या वर्षी थ्री आला 30 टक्क्यांवर आणि फ्री थ्रो तर 45! पुढे त्याने शॉटची पद्धतच बदलली आणि मग कुठे तो चांगला शूटर झाला, त्याच्या मेहनतीला तोड नाही. पण 41 हा आकडा जे लपवत होता ते 67 हा आकडा आधीच सांगत होता.

आता रेघेचं. कॉलेजची थ्री पॉइंटची रेघ आधी 20 फूट 9 इंचावर होती, 2019 पासून ती आंतरराष्ट्रीय अंतरावर नेली, म्हणजे 6.75 मीटर. फिबाच्या, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या, मापाने आखलेल्या आपल्या कोर्टांवरही हीच रेघ असते बरं का, माझी पोरं आणि तिकडची कॉलेजची पोरं एकाच रेघेमागून मारतात हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात. एनबीएची रेघ मात्र समोरून 23 फूट 9 इंच आहे, फक्त कोपऱ्यात 22 फूट. त्यामुळे मी म्हणते, पोरगा रेघेला बूट चिकटवून मारतो का दोन पावलं मागून, हे बघा. दोन पावलं मागून सवयीने मारणाऱ्याला वर जाऊन नवीन काही शिकावं लागत नाही.

पण अंतरापेक्षाही वेळ जास्त नडतो, आणि हे मला टीव्हीवर सांगून पटवता येत नाही, कोर्टावर दाखवावं लागतं. माझ्याकडे पंधरा वर्षांचा एक मुलगा आहे, हात फार गोड आहे त्याचा. परवा त्याला मोकळे 40 शॉट दिले, 31 टाकले, बाकीची पोरं मोजता मोजता ओरडायला लागली. मग मी आमच्या सगळ्यात उंच पोराच्या हातात शाळेचा लांब दांड्याचा झाडू दिला आणि सांगितलं, बॉल याच्या हातात पडला की झाडू वर करून याच्या अंगावर धावत जा. परत 40 शॉट. किती गेले? 14. फोनवर स्लो मोशनमध्ये शूट केलं होतं ते दोघांना बसून दाखवलं. पास छातीवर आला की हा बॉल आधी पार कमरेपर्यंत खाली नेतो, तिथून उचलतो आणि मग सोडतो, तेवढ्यात झाडू डोळ्यासमोर. हात तोच, नेम तोच, फक्त ती कमरेपर्यंतची खेप महागात पडते. एनबीएत झाडूच्या जागी सात फुटी माणूस येतो आणि तोही जिवाच्या आकांताने धावत येतो. कॉलेजचे व्हिडिओ बघताना बॉल आत गेला का नाही हे जरा विसरा आणि पास हातात पडल्यापासून बॉल सुटेपर्यंत किती वेळ गेला तेवढंच बघा, सगळा पोरगा कळतो.

शिवाय कुठले शॉट मारतो हेही टक्केवारीत दिसत नाही. एका जागी उभं राहून पास घेऊन मारणं वेगळं, स्क्रीनच्या, म्हणजे वाट अडवून उभ्या साथीदाराच्या, कडेने पळत येऊन उडता उडता पाय सेट करून मारणं वेगळं, स्वतः ड्रिबल करत, म्हणजे बॉल टप्पे मारत नेत, डोक्यावर दोघं असताना मारणं अजून वेगळं. खुद्द स्टीफन करीचंच बघा ना, डेव्हिडसन कॉलेजात दुसऱ्या वर्षी थ्री जवळजवळ 44 टक्के आणि शेवटच्या वर्षी 38.7. नुसते आकडे बघणारा म्हणेल पोरगा उतरणीला लागला. खरं काय, तर त्या वर्षी बॉल आणायची जबाबदारी त्याच्यावर आली, समोरची टीम सगळी त्याच्याच मागे, मॅचला दहाच्या आसपास थ्री, तरी 28.6 च्या सरासरीने देशात सगळ्यात जास्त पॉइंट त्याचेच. 2009 ला तो सातव्या नंबरवर गेला, म्हणजे त्याच्या आधी सहा जणांची नावं पुकारली गेली होती.

आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पोरगा अडवतो कुणाला? 2011 चा ड्राफ्ट मी पोरांना दरवर्षी सांगते. ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीचा जिमर फ्रेडेट, त्या वर्षी कॉलेजमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट त्याचे, वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू तोच, अर्ध्या कोर्टातून मारायचा, अख्खी अमेरिका त्याच्या नावाने वेडी झाली होती. तो गेला दहाव्या नंबरवर. अकराव्या नंबरवर गोल्डन स्टेट या टीमने घेतला क्ले थॉम्पसन. दोघांची कॉलेजची शेवटच्या वर्षाची थ्री पॉइंटची टक्केवारी काढून बघा, दोन्हीकडे चाळीसच्या काठावर, फरक नाहीच म्हणा ना. पण क्ले साडेसहा फुटी, समोरच्या टीमच्या चांगल्या गार्डला (बॉल घेऊन खेळ चालवणाऱ्याला) अडवणारा, आणि त्याला बॉल सतत हातात ठेवायची गरजच नव्हती. 2016 च्या डिसेंबरमध्ये त्याने इंडियानाविरुद्ध 29 मिनिटांत 60 पॉइंट केले, त्या अख्ख्या खेळात 11 ड्रिबल आणि बॉल हातात मिळून दीड मिनिट! जिमरला मात्र बॉल कायम हातात हवा असायचा, तसा बॉल एनबीएत नवीन पोराला कोण देतो, आणि डिफेन्सला तो समोरच्याच्या पायांना पुरत नव्हता. हात शेवटपर्यंत चांगला होता त्याचा, नंतर चीनमध्ये त्याने पॉइंटांचा पाऊस पाडला, पॅरिस ऑलिम्पिकला 3 बाय 3 च्या, म्हणजे तिघा-तिघांच्या बास्केटबॉलच्या, टीममध्येही गेला. एनबीएत मात्र टिकला नाही. मला त्याच्याबद्दल फार वाईट वाटतं, कारण त्याला 'शूटर' म्हणून बघितलं आणि बाकीचा पोरगा कुणी नीट बघितलाच नाही.

उलटंही होतं. काइल कॉर्व्हर 2003 ला 51 व्या नंबरवर गेला, आणि ज्या टीमने घेतला तिने त्याच दिवशी पैशांवर फिलाडेल्फियाला देऊन टाकला. तो 17 वर्षं खेळला, करिअरभर थ्री जवळपास 43 टक्के. डंकन रॉबिन्सनला तर 2018 ला कुणीच घेतलं नाही आणि दुसऱ्याच वर्षी त्याने मायामीसाठी सीझनमध्ये 270 थ्री टाकले. दोघांचंही लक्षण एकच, बॉल हातात यायच्या आधीच पाय तयार. माझ्या वहीत मी यासाठी वेगळा रकाना केलाय, 'पाय', त्यात टिक किंवा फुली.

तर संपादक महोदय, विनंती एवढीच, यंदा कुणा शूटरची बातमी छापताना टक्केवारीच्या शेजारी किती शॉटमधली ते लिहा, फ्री थ्रोची टक्केवारी लिहा, उंची लिहा आणि तो कुणाला अडवतो याची एक ओळ टाका. चौकटीत दोन ओळी वाढतील फार तर. ड्राफ्ट आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमाराला सुरू होतो, त्या दिवशी मी प्रॅक्टिस आठला ठेवलीये, पोरं माझ्याकडेच येणार आहेत बघायला, आणि प्रत्येकाला सांगितलंय की येताना तुमच्या पानाचं कात्रण आणा, त्याच्या कडेला आपण आपले रकाने आखू.

आपली,
एक बास्केटबॉल कोच, कोथरूड, पुणे