कुत्र्याच्या जातीपेक्षा मालकाला जाब विचारा

'पिटबुल, रॉटवायलर पाळण्यावर बंदी घाला' हे पत्र (लोकमानस, मंगळवार) वाचले. मागणी पटली नाही. केंद्राने मार्च २०२४ मध्ये अशा २३ जातींवर बंदीचे परिपत्रक काढले. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्येच रद्द केले. शिवाय चावरा लॅब्रेडॉर त्या यादीत नव्हताच! अंबाझरी तलावाकडे सकाळी जर्मन शेफर्ड मोकळा सोडून मालक मोबाइलवर बोलत उभे असतात, पट्टा स्वतःच्याच गळ्यात. हटकले की 'काही नाही करत हो तो' हे ठरलेले उत्तर. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार अशा निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पोलिसांनी आधी ते कलम लावायला सुरुवात करावी.

– एक श्वानपालक, धरमपेठ, नागपूर