बंद घरांचा हिशेब शिकवणाऱ्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

तुमचं दार माझ्या दारापासून एक जिना खाली आहे, तरी हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता आणि काकूंना चहा टाकायला सांगता. शिवाय माझ्यासारख्या धडपडणाऱ्या मुलामुलींना तुम्ही मला काय शिकवलंत ते कळावं, असं मनापासून वाटतं.

या महिन्यात मी एका मोठ्या मनोरंजन कंपनीत सीनियर डेटा सायंटिस्ट म्हणून रुजू झाले. त्याआधीची नऊ वर्षं ठाणे-ऐरोली लोकल, बँकांच्या डेटाचं काम आणि परत नौपाडा. मधल्या काळात दोन ठिकाणी शेवटच्या फेरीत नकार आला. दुसऱ्या वेळी कळवलं होतं की मॉडेलं उत्तम येतात, पण निर्णयाची जबाबदारी घेणारी व्यक्ती दिसली नाही. त्या संध्याकाळी तुम्ही सोसायटीची पावती द्यायला वर आलात, माझा चेहरा पाहिलात आणि एवढंच म्हणालात, "शनिवारी सकाळी खाली ये. वही आण, लॅपटॉप नको."

तुम्ही 32 वर्षं राष्ट्रीय नमुना पाहणीत, म्हणजे निवडलेल्या घरांत जाऊन देशभरची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी पाहणीत काढलीत. 1950 मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या पुढाकाराने सुरू झालेली ती पाहणी मला पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीपुरती माहीत होती. तुमच्याकडे मात्र ती पायाने चाललेली होती. निवडलेल्या घराला कुलूप असेल, माणसं गावाला गेली असतील किंवा माहिती द्यायला तयार नसतील, तर बदली घर घ्यायचं आणि कारणाचा कोड लिहायचा. तेही जमलं नाही तर त्या घरासमोर 'कॅज्युअल्टी' अशी नोंद करायची. ते घर यादीतून खोडायचं नाही. "जे भेटले त्यांची सरासरी कुणीही काढेल," तुम्ही म्हणालात, "बंद घरांचं काय केलंस ते सांग."

मी तेव्हा नेटफ्लिक्सच्या स्पर्धेचं उदाहरण घोकत होते. 2006 मध्ये त्यांनी, कुणाला कोणता सिनेमा आवडेल हे प्रेक्षकांनी दिलेल्या रेटिंगवरून ओळखणाऱ्या शिफारशींची अचूकता 10 टक्क्यांनी वाढवणाऱ्याला 10 लाख डॉलरचं बक्षीस लावलं. 2009 मध्ये ते एका संघाने जिंकलंही, पण ती जिंकलेली पूर्ण पद्धत कंपनीने वापरात आणली नाही, कारण वाढीव अचूकतेच्या मानाने ती बसवण्याचा खटाटोप फार मोठा होता. तुम्ही शांतपणे ऐकून विचारलंत, "रेटिंग कोण देतं? ज्याने सिनेमा पाहिला तोच ना? मग न पाहणाऱ्याच्या आवडीचा अंदाज कुठून आणलात?" त्यानंतर मी त्या उदाहरणाकडे पूर्वीसारखं पाहू शकले नाही.

दुसरी गोष्ट चुलीची. पाहणीत एकाच स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब, ही व्याख्या तुम्ही मला तीन वेळा वहीत लिहायला लावलीत. तेव्हा कारण कळलं नव्हतं. आता रोज कळतं. अ‍ॅपवर एक खातं दिसतं, पण त्यामागे हॉलमधल्या टीव्हीवर दुपारी मालिका लावणारी आजी असते, संध्याकाळी कार्टून पाहणारा नातू असतो आणि रात्री मॅच पाहणारा बाप असतो. या तिघांची सरासरी काढली की घरात नसलेलाच चौथा माणूस तयार होतो.

शेवटच्या फेरीच्या आदल्या दिवशी तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनला जेमतेम आठवडा झाला होता. मी नको म्हणत होते. तुम्ही काळा चष्मा लावून बसलात आणि म्हणालात, "सगळं मराठीत सांग, आणि मला नाही, हिला सांग." मी काकूंना सांगू लागले की लोक किती मिनिटं पाहतात यावरून आवड मोजतात. काकू म्हणाल्या, "अगं, मी मालिका लावून पोळ्या करते. ती मिनिटंही मोजता का?" काकू, तुमचेही आभार. ते वाक्य मी मुलाखतीत जसंच्या तसं सांगितलं.

आणि प्रश्न नेमका तुमच्या शनिवारांमधूनच आल्यासारखा आला. होमस्क्रीनवरच्या शिफारशी बदलल्या, येणाऱ्या प्रत्येक प्रेक्षकामागची मिनिटं वाढली, तर नवी रचना सर्वांसाठी सुरू करायची का? मी फळ्यावर दोन गट काढले, प्रत्येकी 100 जणांचे. समजा, जुन्या रचनेत दुसऱ्या आठवड्यात 80 जण परत आले आणि सरासरी 50 मिनिटं थांबले, म्हणजे एकूण 4000 मिनिटं. नव्या रचनेत 70 जण आले आणि सरासरी 54 मिनिटं थांबले, म्हणजे 3780. आलेल्यांची सरासरी वाढली, कारण कंटाळलेले निघून गेले. भागाकार सुरुवातीच्या 100 ने केला की 40 विरुद्ध 37.8. मी म्हणाले, "मी हे सुरू करू देणार नाही. न आलेले 30 जण कोण आहेत ते आधी पाहीन." हे बोलताना आवाज कापला नाही, काका. समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पुढची वीस मिनिटं आम्ही फक्त त्या 30 जणांबद्दल बोललो.

सीनियर या शब्दाचा अर्थ मला त्या खोलीत कळला. अवघड मॉडेल माझ्याहून चांगलं बांधणारी तरुण मुलं तिथे आहेत, आणि त्याचा मला आनंद आहे. कशाने भागायचं हे ठरवणं आणि आकडा सगळ्यांना आवडत असताना थांबा म्हणणं, हे काम माझ्याकडे आलं आहे. कोणत्याही कोर्समध्ये मला ते कुणी शिकवलं नव्हतं. तुम्ही मात्र तलावपाळीला फेरी मारताना, बाकावर टेकून, एक रुपयाही न घेता शिकवलंत. अकरा शनिवार. मी मोजले आहेत.

आमच्या टीमच्या अहवालात आता पहिल्या पानावर एक ओळ असते: चाचणीत घेतलेले किती, परत आलेले किती, न आलेले किती. तिसऱ्या आकड्याच्या मथळ्याला मी 'कॅज्युअल्टी' लिहिलं. परवा टीममधल्या एका मुलाने विचारलं की हा शब्द कुठून आला. मी त्याला कुलूप लावलेल्या घरासमोर वही घेऊन उभ्या असलेल्या तुमच्याबद्दल सांगितलं. तो शनिवारी ठाण्यात येऊ का विचारतो आहे. मी तुम्हाला विचारून सांगते म्हटलं आहे.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची