रिकामा डबा परत करू नये म्हणून

ती. स्व. माई यांस,
सा. न. वि. वि.

पत्र मुद्दाम उघड लिहितोय. तुमच्या गल्लीत वाड्यातल्या घुबडांकडे बघून नाक मुरडणारे जे आहेत, त्यांनीही वाचावं म्हणून. आणि समोर बसून आभार मानले असते, तर तुम्ही "पुरे, पोहे गार होताहेत" म्हणून मला गप्प केलं असतं.

तीन हिवाळे मी घुबडांच्या मागे होतो. थंडीत पिंगळे, म्हणजे ती छोटी घुबडं, सकाळी ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतात, विणीचे दिवस जवळ आले की रात्री जास्त बोलतात. आखूड कानांचं घुबड तर आपल्याकडे येतंच थंडीपुरतं, आणि दिवसा गवतात, चक्क जमिनीवर बसतं. म्हणून पहाटे इंदूरजवळच्या रालामंडलच्या टेकडीखाली थांबायचो. सिरपूर तलावाला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तिथे सगळे बदकं बघत उभे असत आणि मी त्यांच्याकडे पाठ करून गवत न्याहाळायचो. एकदा खंडव्यालाही जाऊन आलो, रानपिंगळ्यासाठी. १८८४ नंतर ११३ वर्षं या पक्ष्याचा पत्ता नव्हता. १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला, पुढे खंडव्याच्या जंगलातही. रानपिंगळ्याचं कपाळ जवळजवळ कोरं असतं. मला दिसला त्याच्या कपाळावर ठिपकेच ठिपके. म्हणजे आपला नेहमीचा पिंगळा.

मग डिसेंबरात आईने डिंकाच्या लाडवांचा डबा देऊन तुमच्याकडे पिटाळलं. गळ्यातली दुर्बीण बघून तुम्ही विचारलंत, "इतक्या थंडीत काय शोधून राहिलास रे?" (हे 'राहिलास' माझ्या पुण्याच्या मावशीला खटकतं. मला ते ऐकलं की इंदूरला पोचल्यासारखं वाटतं.) मी म्हटलं, घुबड. तुम्ही खराटा भिंतीला टेकवलात आणि म्हणालात, "मग वर काय बघतोस? खाली बघ."

लिंबाखालच्या फरशीवर चुन्यासारखे पांढरे शिंतोडे होते. त्यांच्या नेमक्या वर, दोन फांद्यांच्या बेचक्यात, पिंगळ्यांची जोडी एकमेकांना चिकटून बसलेली. मागच्या बाजूला, माळ्याच्या झरोक्याखाली, अंगठ्याएवढ्या गोळ्या पडल्या होत्या. काळी चकचकीत ती काल रात्रीची, राखाडी झाली ती जुनी, हे तुम्हीच सांगितलंत. रोज अंगण झाडणाऱ्या माणसाला कोण कुठे झोपतं हे कळतं आणि मी पेट्रोल जाळत फिरत होतो, याचा मला त्या क्षणी रागच आला होता, माई. तुमचा नव्हे, माझा.

माळ्यावरचं ते गव्हाणी घुबड. शिकार अख्खी गिळतं, केस आणि हाडं पचत नाहीत, मग त्यांची गोळी करून तोंडावाटे टाकून देतं. त्यातली एक मी घरी कोमट पाण्यात भिजवून वर्तमानपत्रावर चिमट्याने सोडवली. केसांच्या लगद्यातून तीन कवट्या निघाल्या. दोघींचे पुढचे दात नारिंगी-पिवळे, म्हणजे उंदीर. तिसरी लांबट, दात पांढरे आणि सुईसारखे, ती चिचुंद्री. एका गोळीत तीन! घुबड आल्यापासून गव्हाच्या कोठीला उंदीर लागत नाहीत, हे तुमचं म्हणणं मी आधी हसण्यावारी नेलं होतं. ते हसणं परत घेतो.

पहिल्या वर्षीची गोष्ट तुम्ही इतक्या गंभीरपणे सांगितलीत की मला हसताही येईना. माळ्यावर रात्रभर फुसफुस चालायची, नाग शिरला म्हणून तुम्ही सर्पमित्राला बोलावलंत. तो शिडीवर चढला, टॉर्च मारला आणि खाली येऊन म्हणाला, "नाग नाही, बाळंतपण आहे." पाच पिल्लं, पांढरी, लहान-मोठी, एका रांगेत. पहिलं अंडं घातल्यापासूनच मादी उबवायला बसते, म्हणून पिल्लं मागेपुढे निघतात आणि उंचीने अशी पायऱ्या-पायऱ्यांची दिसतात. पुढे डागडुजीच्या वेळी गवंडी तो झरोका बुजवायला निघाला, शेजाऱ्यांनीही अपशकुनाचं पुराण लावलं. तुम्ही गवंड्याला चहा पाजलात आणि झरोका सोडून बाकीची भिंत लिंपून घेतलीत.

एका गोष्टीची माफी मागायची आहे. पहिल्याच संध्याकाळी मी मोबाइलवर घुबडाचा आवाज लावला आणि झरोक्यावर टॉर्च धरला. रालामंडलला हेच करत आलो होतो, खोटं कशाला बोलू. तुम्ही टॉर्च हातातून काढून घेतलात. "झोपेतून उठणाऱ्याच्या तोंडावर कोणी बत्ती मारतं का? बस इथे." बसलो. दिवेलागणीनंतर वीसेक मिनिटांनी झरोक्यात एक पांढरट बदामी चेहरा आला, थांबला, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग ते पंख उघडून आपल्या दोघांच्या डोक्यावरून गेलं. वारा लागला नाही, पिसाचा आवाज नाही. शेजारच्या टीव्हीवर बातम्या चालू होत्या, त्या मात्र स्पष्ट ऐकू येत होत्या.

त्यानंतर बारा संध्याकाळी तुमच्या ओट्यावर काढल्या. टॉर्च एकदाही आणला नाही. त्या बारा संध्याकाळींसाठी आणि दर वेळच्या गराडूसाठी, त्या तळलेल्या कंदासाठी, मनापासून आभार.

राहता राहिला डबा. रिकामा परत करू नये म्हणून तुम्ही त्यात सात गोळ्या कागदात बांधून दिल्यात, आणि तो माझ्या आधी आईने उघडला. लाडवांच्या बदल्यात काहीतरी गोड असेल या आशेने. त्या दिवसापासून तो डबा स्वयंपाकघरात आलेला नाही, माझ्या टेबलावर आहे. संक्रांतीचा तिळगूळ तिने नव्या डब्यात भरला आहे. तो तुम्ही रिकामाच परत करावा, असा तिचा निरोप आहे.

तुमचा,
ओट्यावरचा