मागचे ड्रम ब्रेक शिकवणाऱ्या मिस्त्रींचे आभार

जालना-बीड भागात जुन्या पिकअपचं काम नवख्यांना हातचं न राखता शिकवणाऱ्या सगळ्या मिस्त्रींचे मनापासून आभार. एका वेळी एकच बाजू खोलायची, दुसरी नमुना म्हणून तशीच ठेवायची, ही शिकवण सगळ्यात मोलाची. ड्रम निघत नसेल तर हातोडा नंतर; आधी पुढच्या चाकांना दगड लावून हँडब्रेक सोडायचा, ॲडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा भाग) सैल करायचा, कारण झिजलेल्या ड्रमच्या कडेला शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे अर्धगोल तुकडे, अडकतात. ड्रम काढलेला असताना पेडल दाबलं की शू ढकलणाऱ्या व्हील सिलेंडरचे पिस्टन बाहेर येतात. लायनिंगला (शूवरच्या घासणाऱ्या थराला) ब्रेक ऑइल लागलं, तर गळका सिलेंडर आणि दोन्ही बाजूंचे शू बदलायचेच. धूळ फुंकायची नाही, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. आणि लेथवाले मामा, ड्रमवर लिहिलेल्या कमाल व्यासापलीकडे कातायला तुम्ही ठाम नकार देता, त्याबद्दल तुमचे खास आभार.