मीटरमधली नोंद कोण पाहते?

घरोघरी टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली हे नोंदवणारे) मीटर बसवण्याच्या महावितरणच्या निर्णयावर जी चर्चा होते, ती बिलापुरतीच. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत मिळते, हे चांगलेच (त्या वेळी आमच्या घरी फक्त फ्रिज चालू असतो, ते सोडा). पण जुना मीटर महिन्याचा एक आकडा सांगायचा. नवा दिवसभर ठरावीक अंतराने वापर नोंदवून परस्पर पाठवतो. त्यावरून घर कधी रिकामे असते, गिझर किती वाजता लागतो, हे सहज कळू शकते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्येच संमत झाला आहे. तेव्हा या नोंदी कोण पाहते आणि किती काळ ठेवते, हे महावितरणने बिलाच्या मागील बाजूस छापावे.

– एक वीजग्राहक, नाशिक