दुष्काळातलं पाणी आणि वणवा: आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

यंदा पावसाने ओढ दिली आहे, म्हणून पाण्याचं आणि वणव्याचं एकाच पत्रात लिहिते. दोन्हींचा वेगवेगळा विचार केला की घोळ होतो, कारण पाणी वाचवायचे काही उपाय आगीला आयतं जळण पुरवतात. आच्छादनाचंच बघा. झाडाभोवती पालापाचोळ्याचा पाच-सात सेंटीमीटर थर दिला की जमिनीतली ओल टिकते. पण तोच थर भिंतीला टेकला, तर उडून आलेली एक ठिणगी पुरते. म्हणून भिंतीपासून दीड मीटरपर्यंत पालापाचोळा, सरपण, पोती, पायपुसणं, काहीही नको. तिथे खडी किंवा नुसती झाडलेली माती. आच्छादन त्यापलीकडच्या झाडांना द्या. तेही बुंध्यापासून वीतभर सोडून, नाहीतर साल कुजते.

वणव्यात घर पेटतं ते बहुतेक वेळा ठिणग्यांनी. वाऱ्याबरोबर त्या आगीच्या कितीतरी पुढे जाऊन पडतात. छपराच्या पन्हळीत, कौलांच्या फटीत, माळ्याच्या झरोक्यात. झरोक्याला तीन मिलिमीटर किंवा त्याहून बारीक भोकांची धातूची जाळी लावून घ्या, प्लास्टिकची वितळते. पन्हळीतला पाला दर पंधरा दिवसांनी काढायला हवा. बाबा, शिडीवर तुम्ही चढायचं नाही, माणूस लावा.

घराभोवतीच्या पहिल्या दहा मीटरांत गवत दहा सेंटीमीटरपेक्षा उंच ठेवू नका, आणि सरपणाचा ढीगही या दहा मीटरांच्या बाहेर हलवा. गवत पुरतं वाळायच्या आत कापलेलं उत्तम. वाळल्यावरच कापावं लागलं तर दव असताना, सकाळी लवकर. यंत्राचं पातं दगडावर आपटलं की ठिणगी उडते, आणि दुपारी दोन ते चारच्या सुमाराला हवा सगळ्यात कोरडी असते. कापलेलं उचलून दूर टाका, जाळू नका. जाळून पट्टा काढणं हे सरावाच्या माणसांचं काम आहे. घराखाली उतार असेल तर त्या बाजूचा पट्टा जास्त रुंद हवा: चढ दर दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो.

मध्येच एखादी सर येऊन गेली म्हणून निर्धास्त होऊ नका. गवत आणि काडीकचरा तासाभराच्या उन्हात पुन्हा पेटण्याजोगा होतो. मनगटाएवढ्या फांद्यांना वाळायला चार-पाच दिवस लागतात, जाड ओंडक्यांना महिना-सव्वा महिना. लांबलेल्या दुष्काळात ओंडकेही आतपर्यंत कोरडे होतात, आणि मग लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत राहते. विझली असं वाटत असतानाच वारा आला की पुन्हा उठते.

आता विहीर. सकाळी पंप लावायच्या आधी वजन बांधलेली टेप सोडून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. पंप बंद केल्यावर पुन्हा मोजा, आणि पातळी पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो तेही लिहून ठेवा. हा वेळ दर आठवड्याला वाढत असेल तर झरे आटत चालले आहेत. अशा वेळी सलग तासभर उपसण्यापेक्षा वीस मिनिटं पंप आणि मग विश्रांती, असं करा. बोअरच्या मोटरला तर सभोवतालचं पाणीच थंड ठेवतं. ती कोरडी चालली की जळते. पाणी संपताच मोटर आपोआप बंद करणारं उपकरण स्टार्टरला बसवून घ्या. मला विचाराल तर नव्या बोअरपेक्षा आधी हे. भूजल खाली जात असताना खोल जाणं म्हणजे बऱ्याचदा जास्त क्षारांचं पाणी वर आणणं.

पाणी कमी झालं की त्यातली घाण आणि क्षार दाट होतात. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट आणि फ्लोराइड मात्र तसेच राहतात, उलट पाणी आटल्याने थोडे वाढतात. वर्षातून एकदा तपासणी हवी, आणि ती पातळी सगळ्यात खाली असताना. ब्लीचिंग पावडर मापाने घाला, मुठीने नको. विहिरीचा व्यास तीन मीटर आणि पाणी दोन मीटर असेल तर सुमारे १४,००० लिटर पाणी झालं. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम धरून ३५ ग्रॅम ताजी पावडर. आई, तू ती आधी थोड्या पाण्यात कालव, मग बादली पाऊण भर आणि दहा मिनिटं ठेव. वरचं निवळलेलं पाणीच विहिरीत सोडायचं. खालचा चुना टाकायचा, त्याने पाणी जड होतं. रात्री घातलं तर सकाळपर्यंत काम झालेलं असतं. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, नाहीतर क्लोरिन गाळावरच खर्ची पडतं.

जे थोडं पाणी झाडांना देता येईल ते हिरवळीला देऊ नका. घराजवळच्या मोठ्या झाडांना पहाटे द्या, फांद्यांच्या घेराच्या कडेला, हळूहळू मुरेल असं. बुंध्याशी ओतलेलं फारसं उपयोगी पडत नाही. पिण्यात मात्र काटकसर नको. वयानुसार तहान कमी जाणवते, म्हणून ठरवून प्या.

वणव्यात वीज आधी जाते, म्हणून पंपाच्या भरवशावर राहू नका. उंचावरची टाकी भरलेली ठेवा, तोटीला धातूची नळी जोडा. पण ते पाणी अंगणात पडलेल्या ठिणग्या विझवायला आहे, वणव्याशी झुंजायला नाही. धूर डोंगरापलीकडे दिसला की कागदपत्रं आणि औषधं घेऊन निघा. सुती कपडे घाला, नायलॉन अंगाला चिकटतं. ओला रुमाल धुरातले बारीक कण अडवत नाही. एन-९५ मास्क पिशवीतच ठेवा.

राख छपरावर पडली असेल तर पावसाआधी टाकीकडे जाणारा नळ काढून ठेवा. साठ चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साठ लिटर पाणी. पहिले दीड-दोनशे लिटर वाहून जाऊ द्या, मगच नळ जोडा.

बाबा, या रविवारी टेप सोडून पातळीचा पहिला आकडा कळवा, आणि सोबत विहिरीचा व्यासही.

तुमची लेक